पलीकडच्या पातीतले सरपण

आमच्या धारच्या घरात चुलीच्या उजव्या अंगाला एक लहान मडके असे. आई रोज दळायला बसण्याआधी टोपलीतल्या ज्वारीतून एक मूठ काढून त्यात टाकी, आणि मगच जात्याच्या खुंट्याला हात घाली. ती मूठ प्रभूची. मडके भरले की आई ते पदराखाली धरून मिशनच्या प्रार्थनामंदिरात नेई, तिथल्या कणगीत ओती, आणि रिकामे मडके घरी येऊन पुन्हा आपल्या जागी बसे. त्यात कोणी हात घालायचा नाही, हा आमच्या घरातला बहुधा एकच कायदा होता. बाकी सगळ्या गोष्टींत आई सैल होती.

संवत छप्पनच्या मोठ्या दुष्काळात मी लहान होतो. त्या दिवसांतले जे आठवते ते स्वप्नासारखे, मधले तुकडे गळून गेलेले. तळ्याचा तडकलेला तळ. बाग गावाकडच्या डोंगरांतून आलेली, मिशनच्या आवारात झाडांखाली निजलेली भिल्लांची मुले. ती इतकी स्तब्ध असत की अंगावर पडलेली पानेसुद्धा झटकीत नसत. आणि एका संध्याकाळची आई. टोपलीच्या तळाशी जेमतेम ज्वारी उरली होती. तिने त्यातली मूठ काढून मडक्यात टाकली आणि उरल्याची पातळ पेज आमच्यासाठी शिजवली. स्वतःच्या वाटीत तिने काय घेतले ते मी पाहिले नाही. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो, कारण ती हसत होती. कोणाला दाखवण्याचे हसू नव्हते ते. चुलीकडे तोंड करून, एकटीच, एखादी चांगली गोष्ट आठवावी तशी हसत होती.

“आई, तुला भूक नाही?” मी विचारले.

“आहे की. लई आहे,” ती म्हणाली, आणि पुन्हा तशीच हसली.

ते हसू मला कळले नाही. पुढे पुष्कळ वर्षे कळले नाही. पाळकसाहेब उपासनेत त्याग, दान, खरा आनंद हे शब्द उच्चारीत तेव्हा मला ती संध्याकाळ आठवे, आणि वाटे की या शब्दांच्या आत कुठे तरी आईचे ते तोंड आहे. पण शब्द उघडून आत जायची वाट मला सापडत नसे.

आमचे घराणे दरबारच्या फरासखान्यातले. मराठ्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून आलेले. तंबू ठोकायचे आणि सतरंज्या झटकायच्या हेच पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. वडिलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते काम सुटले, आणि मिशनच्या दवाखान्याच्या फाटकावर दरवानाची जागा मिळाली. भाऊबंदांनी विहिरीवर जाऊन त्यांच्या नावाने मातीचा घट फोडला आणि कोणी मेल्यावर करतात तशा आंघोळी केल्या. देवासला दिलेली वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, तीही त्यासाठी मुद्दाम धारला आली होती. तिने आंघोळ केली, ओल्या लुगड्यानिशी गाडीत बसली आणि गेली. वडील कधी कधी हे सांगत. सांगताना ते राग करीत नसत. “थंडीचे दिवस होते,” एवढेच शेवटी म्हणत. “ओल्या लुगड्यानं गेली.”

मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला. हे लिहिताना मला अजून संकोच वाटतो, कारण त्या दिवसांत ते माझ्या डोक्यात जरा जास्तच चढले होते. इंदूरच्या कॉलेजात पहिले वर्ष काढून मी नाताळच्या सुट्टीत घरी आलो, तेव्हा पाळकसाहेबांनी मला सांगितले की नाताळच्या दिवशी मंडळीपुढे तू चार शब्द बोल. विषय मी निवडला: स्वार्थत्याग. मी ते भाषण लिहून काढले, तळ्याच्या काठी जाऊन पाण्याला म्हणून दाखवले. एके ठिकाणी माझे मलाच रडू आले. आई पुढच्या सतरंजीवर बसून ऐकते आहे, वडील दाराशी काठी धरून उभे आहेत, असे चित्र मी मनात रंगवीत असे. उपासना हिंदीत होई, म्हणून भाषणही हिंदीत होते. पण आईसाठी मधे दोन वाक्ये मराठीत घातली होती.

नाताळला आठवडाभर असताना देवासहून एक गाडीवान निरोप घेऊन आला. आत्याला मुदतीचा ताप आला आहे. नवरा कधीच गेलेला, मूल नाही. शेजारीण बघते, पण तीही गावाला जाणार आहे.

वडील म्हणाले, “मी गेलो तर ती तापानं नाही, रागानं मरेल. तिच्या लेखी मी मेलोय.”

“मग याला पाठवू,” आई म्हणाली. “हा कुठं मेलाय?”

“पण आई, नाताळ! माझं भाषण—”

“पुढच्या नाताळाला कर.”

“पुढच्या नाताळाला दुसऱ्या कोणाला सांगतील.”

“मग ऐक दुसऱ्याचं. ऐकणं काय वाईट आहे?”

मी गेलो. खुशीने गेलो असे म्हणवत नाही. धारहून इंदूर, आणि तिथून आग्रा रस्त्याने देवास. टांग्यात बसून मी सारा वेळ मनातल्या मनात भाषणच म्हणत होतो. मधेच मला वाटले, आत्या माझ्या हातून पाणी पिईल, तिचे मन पाघळेल, ती वडिलांना बोलावून घेईल, आणि मग पुढच्या वर्षीच्या भाषणात हा दाखला घालता येईल. हा विचार आला आणि मला तो फार पवित्र वाटला.

देवास दिसते ते आधी टेकडीच्या रूपाने. त्या पहाटे धुके होते आणि खालचे गाव दिसतच नव्हते. नुसती टेकडी हवेत तरंगत होती, देवीच्या ठाण्यातला दिवा लुकलुकत होता. मला वाटले आपण अजून झोपेतच आहोत. मग धुक्यातून एक रस्ता निघाला, दोन्ही बाजूंना घरे. देवासचे राज्य दोघा भावांच्या वंशांत वाटलेले आहे, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक पण राजे दोन. आत्याच्या गल्लीत तर अलीकडची घरे थोरल्या पातीत आणि पलीकडची धाकट्या पातीत. टांगेवाला म्हणाला, “भिया, इस बाजू उतरो के उस बाजू? सोच के उतरजो, राज बदल जाएगा.”

आत्या थोरल्या पातीतली. तिचे घर म्हणजे एक खोली आणि पुढे ओटा. दार उघडे होते. आत खाटेवर ती कुशीवर निजली होती, आणि तिची बोटे हलत होती. आत्या टेकडीवरच्या देवीसाठी कापसाच्या वाती वळी. आयुष्यभर वळीत आली होती. तापाच्या गुंगीत, हातात कापूस नसतानाही, अंगठा आणि बोट नसलेली वात वळीत होते.

“कोण रे तिकडं?”

“आत्या, मी. धारहून आलोय. तुझ्या भावाचा मुलगा.”

तिने डोळे उघडले. तापाने लाल झालेले डोळे, पण नजर शाबूत. “माझा भाऊ मेला,” ती म्हणाली. “मेलेल्याला मुलगा कुठून झाला?”

मी उंबऱ्याशीच उभा राहिलो.

“तिथंच थांब. पाय आत टाकलास तर सगळं घर सारवावं लागेल, आणि माझ्यात सारवायची ताकद नाही.” मग जरा थांबून, “नाक मात्र त्याचंच आहे. मेल्याचं.”

ओट्यावर बसायची परवानगी मिळाली, एवढेच. शेजारीण माळव्याची, गोड बाई. तिची गाडी दाराशी जुंपलेली होती. हाटपिपल्याला लेक बाळंत होणार होती. “म्हारी छोरी को पेलो जापो है, भिया,” ती मला म्हणाली, “नी तो जाती नी.” तिने पाण्याने भरलेली घागर ओट्याच्या कडेला ठेवली. मी जरा आत ठेवते, असे ती म्हणतच होती, तेवढ्यात गाडीवानाने हाक मारली, ती वळली, आणि मी मदत करावी म्हणून घागर उचलून उंबऱ्याच्या आत सरकवली.

तिने तोंडावर हात ठेवला. आतून आत्याचा आवाज आला, “शिवलास?”

मी शिवलो होतो. आमच्या मिशनच्या आवारात न वाढलेल्या माणसाला हे कसे सांगावे, की मी विसरलो नव्हतो. माझ्या हातांना ते ठाऊकच नव्हते. आमच्या घरी कोणीही तहानलेल्याला पाणी देई. घागर दिसली की ती उचलायची, एवढेच हातांना माहीत होते.

“आता?” शेजारणीने आत्याला विचारले. गाडीवान ओरडत होता. बैल ओढ घेत होते.

“तू जा,” आत्या म्हणाली. “लेकीकडं जा. मी बघते माझं.”

गाडी गेली. आत्याने ओठांवरून जीभ फिरवली. ती मला दिसली, कोरडी, पांढरी. घागर तिच्यापासून हातभर लांब होती, काठोकाठ भरलेली.

“आत्या, आजारात चालतं. पी ना थोडं.”

“तुझ्याकडं चालत असेल.”

“मग हे पाणी—”

“ओत जा. तुळशीत ओत. नको, तुळशीतही नको. रस्त्यावर ओत. आणि घागर चिंच लावून, राखेनं घासायला कोणाला तरी सांग. का तुझा प्रभू येऊन घासणार?”

मी घागर रस्त्यावर ओतली. पाणी उतारावरून वाहत पलीकडच्या पातीत गेले आणि तिथल्या धुळीत मुरले. मी रिकामी घागर घेऊन उभा होतो. सेवा करायला आलो होतो आणि आल्या आल्या पहिली गोष्ट काय केली, तर आजारी माणसाच्या तोंडचे पाणी काढून घेतले. ती पाण्यावाचून पडून राहील आणि माझ्या हातचे घेणार नाही, हे मला तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होते. मुदतीच्या तापात पाणी आणि पेज यांवरच माणूस तगतो. माझे हात, धडधाकट, तिथे असून नसल्यासारखे होते.

मी प्रार्थना केली. ओट्याखाली उभा राहून, डोळे न मिटता. काय मागितले ते आठवत नाही. पण त्या वेळी माझ्या मनात अगदी साधे आले: हिला हात पाहिजेत, ते माझेच असले पाहिजेत असे नाही.

समोरच्या घराच्या ओट्यावर, म्हणजे धाकट्या पातीत, एक म्हातारा ब्राह्मण ऊन खात बसला होता. त्याने सगळे पाहिले होते. तो पाणक्या होता, चार घरी पाणी भरी आणि लग्नामुंजीत आचारी म्हणून जाई. मी रस्ता ओलांडून गेलो आणि सारे सांगितले. मी कोण, तेही सांगितले.

“म्हणजे तू बाटगा,” तो शांतपणे म्हणाला.

“हो.”

“आणि ती थोरल्या पातीतली. त्या बाजूचं पाणी मी भरत नाही. तिकडचे लोक बोलतात.”

“बाबा, ती मरेल.”

त्याने टेकडीकडे पाहिले, मग माझ्याकडे. “तुझे खांदे चांगले आहेत,” तो म्हणाला. “माझ्या परसात बाभळीचे ओंडके पडले आहेत. दोन पावसाळे पडून आहेत. माझी कंबर गेली. तू ते फोड, मी तिचं पाणी भरतो, पेज शिजवतो, घागरही घासून घेतो.”

“माझ्या हातचं सरपण तुम्हांला चालेल?”

“कोरड्याला कसला विटाळ?” म्हातारा म्हणाला. “फक्त ओलं करू नको. घाम पुसत जा.”

तेव्हापासूनचे दिवस माझ्या आठवणीत एकमेकांत मिसळून गेले आहेत. पहाटे धुके, टेकडी कधी असे, कधी नसे. मी घोंगडी झटकून ओट्यावरून उठे आणि रस्ता ओलांडून दुसऱ्या राज्यात जाई. बाभळीचे लाकूड दगडासारखे. पहिल्या दिवशी कुऱ्हाड माझ्याच नडगीवर येणार होती; मी फरासाचा मुलगा, पण लेखणी धरून तळहात मऊ झाले होते. हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. म्हातारा पाणी भरायला जाताना डोकावून जाई. “विद्वान, लाकडाच्या रेषा बघ, आडवा मारू नको,” असे म्हणे, आणि घागर खांद्यावर घेऊन पलीकडे जाई.

आत्याला यातले काही ठाऊक नव्हते. तिला वाटले, म्हाताऱ्याला दया आली. मला सांगायचे होते. पण पहिल्याच दिवशी म्हातारा म्हणाला, “तू मजुरी केल्याचं कळलं तर ती पाणी घेईल की नाही, कोण जाणे. बाईमाणूस हट्टी आहे.” म्हणून मी गप्प राहिलो. आधी तिच्यासाठी गप्प राहिलो. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता.

दुपारी मी ओट्यावर बसे. ताप उतरला की आत्या उंबऱ्याआडून बोले.

“पलीकडं सकाळपासून ठोकाठोक चाललीय. कोणाकडं लग्न आहे का रे?”

“असेल, आत्या.”

“धाकट्या पातीला लग्नं करायला बरा पैसा आहे. आणि तू? तू कुठं भटकतोस रोज? पाणी आलं की हा उठला चालला.”

“जरा फिरून येतो.”

“फीर फीर. परका ब्राह्मण येऊन माझं पाणी भरतो, पेज करून ठेवतो. याला म्हणतात धर्म. आणि माझ्या रक्ताचा पोरगा गावात हवा खात हिंडतो. काय शिकवतात रे तुमच्यात?”

पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मला राग आला. दुसऱ्यांदा रडू आले. मी रात्री घोंगडीत तोंड घालून प्रभूशी भांडलो, की निदान एकदा तरी तिला कळू दे. उत्तर आले नाही. सकाळी कुऱ्हाड होतीच.

एकदा तिने विचारले, “तुझी आई काय करते?” मी मडक्याची गोष्ट सांगितली, छप्पनच्या संध्याकाळचीही. आत्या म्हणाली, “उपाशी पोटी मूठ काढायची म्हणजे वेडच.” पण तिने पुन्हा विचारले, “हसली म्हणतोस?”

“हसली.”

“हं.”

नाताळ आला तो असाच. देवासात त्या दिवसाला काही नाव नव्हते. मी जागा झालो तेव्हा धुके इतके दाट होते की रस्त्यापलीकडचे राज्य नाहीसे झाले होते. धारला आत्ता घंटा होत असेल, कोणी तरी दुसरा भाषणाला उठत असेल, आई सतरंजीवर बसली असेल, हे सारे मला आठवले. पण लांबून, जणू दुसऱ्या कोणाचे. माझ्या भाषणाचे कागद कुठे गेले ते मला आजही सांगता येत नाही. मी परसात गेलो आणि एक ओंडका ओढला.

उन्हे आली तेव्हा म्हातारा पेज करायला पलीकडे गेला होता. मी सरपणाची मोळी त्याच्या ओट्यावर टाकली आणि सहज समोर पाहिले. आत्याचे दार उघडे होते. ती उठून बसली होती. आल्यापासून मी तिला बसलेली पाहिलीच नव्हती. भिंतीला टेकून, दोन्ही हातांत तांब्या धरून, ती पाणी पीत होती. आमच्यात वरून पितात तसे नव्हे. तोंड लावून, लहान मुलासारखे, डोळे मिटून. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळत होते. पिऊन झाल्यावर तिने तांब्या खाली ठेवला आणि एक मोठा श्वास सोडला, तो मला रस्त्याच्या या बाजूला ऐकू आला.

मी रस्ता ओलांडून तिच्या ओट्याशी गेलो. तिने मला पाहिले आणि तिची जीभ लगेच ताजी झाली.

“आलास हिंडून? बघ, बघून घे.” तिने म्हाताऱ्याकडे हात केला. “या माणसानं मला वाचवलं. नात्याचा नाही, पातीचा नाही. तुझ्या पुस्तकांत असला कोणी आहे का? शीक काही तरी.”

म्हाताऱ्याने पेजेतली पळी खाली ठेवली. त्याला अवघडल्यासारखे झाले होते. “बाई,” तो म्हणाला, “खरं सांगायचं तर—”

तो क्षण मला अजून जसाच्या तसा दिसतो. मी नुसते गप्प राहिलो असतो तरी सारे उघड झाले असते. आता ती बरी झाली होती. आता कळले तरी पाणी टाकणार नव्हती. जे ऐकायला मी धारहून आलो होतो ते दोन शब्दांवर येऊन थांबले होते. तिच्यासाठी गप्प राहायचे कारण उरले नव्हते. आणि तरी माझी मान हलली. मी म्हाताऱ्याकडे पाहून नाही म्हटले. का, ते मला तेव्हा सांगता आले नसते. तिच्या तोंडावर त्या वेळी एक प्रकारचा उजेड होता. जगात चांगली माणसे आहेत, आणि तीही पलीकडच्या पातीत, असा. तो मला विझवायचा नव्हता. माझे नाव त्यात घालण्याइतकी जागाही मला त्यात दिसली नाही.

“खरं काय?” आत्याने विचारले.

“खरं म्हणजे,” म्हातारा म्हणाला, “पेजेत आज मीठ जरा जास्त पडलंय.”

आणि मला हसू आले. आधी मिठाचे हसू वाटले, पण ते थांबेना. मी तोंड वळवले आणि रस्त्याकडे पाहत एकटाच हसत राहिलो. केसांत बाभळीच्या ढलप्या, तळहात जळत होते, पोटात सकाळपासून काही नव्हते. छातीत काही तरी उघडले होते, अगदी सहज, दार नुसते लोटलेले होते आणि वाऱ्याने उघडले असे. प्रभू कुठे असेल असे मला कोणी त्या क्षणी विचारले असते तर मी म्हटले असते, इथे, ओट्यावर, अगदी जवळ. आणि तोही हसतो आहे. धुके वर चढत होते. टेकडी हळूहळू जमिनीला येऊन टेकली.

मग मला चुलीकडे तोंड करून बसलेली आई आठवली. मी माझ्या गालाला हात लावून पाहिला. वेडेपणाच, पण हे तेच का, हे मला पाहायचे होते.

मुदत सरली. शेजारीण हाटपिपल्याहून नातवाचे पेढे घेऊन आली. कॉलेज उघडले होते, मला निघायला हवे होते. निघताना आत्या स्वतः चालत दारापर्यंत आली, चौकट धरून उभी राहिली. मी ओट्याखालून नमस्कार केला, लांबूनच.

“वडिलांना काही सांगू का, आत्या?”

“मेलेल्याला निरोप काय धाडायचा?”

मी मान खाली घातली. वळणार तोच ती म्हणाली, “थांब. हात कर पुढं.”

ती आत गेली आणि मूठ मिटून आली. मी दोन्ही तळहात पसरले. तिने मूठ वर धरली, माझ्या हातांना लागणार नाही अशी, आणि उघडली. ज्वारी होती. दाणे फुटलेल्या फोडांवर पडले आणि चुणचुणले. त्या वेळी तिची नजर माझ्या तळहातांवर गेली. ती बघत राहिली. रस्त्यापलीकडे पाहिले, म्हाताऱ्याच्या भिंतीला रचलेल्या सरपणाकडे. आणि पुन्हा माझ्या हातांकडे.

“कोरडं आहे,” ती अखेर म्हणाली. “कोरड्याला विटाळ नाही. तुझ्या आईच्या त्या मडक्यात टाक.”

तिला कळले की नाही हे मला ठाऊक नाही. आणि नवल असे की टांग्यात बसल्यावर मी त्याचा विचारही केला नाही.

धारला पोचलो तेव्हा वडील फाटकावरून घरी येऊन दारातच बसले होते. “जगली?” त्यांनी विचारले.

“जगली.”

“माझ्याविषयी काही—”

मी रुमालाची गाठ सोडून ज्वारी आईला दिली आणि आत्याचे शब्द सांगितले, होते तसे, मेलेल्याच्या निरोपासकट. आईने ती मूठ मडक्यात टाकली. दाणे आतल्या दाण्यांवर पडल्याचा बारीक आवाज झाला.

वडील उठले. चुलीपाशी आले, खाली बसले, आणि त्यांनी त्या मडक्यात हात घातला. आमच्या घरात कधी कोणी घातला नव्हता. मी आईकडे पाहिले. तिने त्यांना अडवले नाही. वडिलांनी वरचे दोन-चार दाणे उचलले, तोंडात टाकले आणि चावत बसले. कोरडी, कच्ची ज्वारी, सावकाश, डोळे मिटून. ओल्या लुगड्याची गोष्ट त्यानंतर त्यांनी कधी सांगितली नाही.

आई चुलीकडे वळली होती. तिचे तोंड मला दिसत नव्हते. पण या वेळी मला विचारावे लागले नाही.